घरच्या खोलीतून मिक्सिंग-मास्टरिंग: फाइल हाती येण्यापासून हिशेब पुरा होईपर्यंत

एका भक्तिगीताचे संगीत संयोजन मी ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने घेऊन, तयार करून गायिकेच्या गावातील स्टुडिओकडे पाठवले आणि सोबतच्या निरोपात तो आकडा लिहायचे राहून गेले. तेथील सेशन, म्हणजे सॉफ्टवेअरमधील कामाची फाइल, ४४.१ किलोहर्ट्झचे होते. फाइल रूपांतर न होता तशीच त्यात ओढली गेली, आणि चार मिनिटांचे गाणे सुमारे चार मिनिटे एकवीस सेकंदांचे होऊन जवळजवळ दीड पट्टी खाली उतरले. गाणे मुळातच संथ असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. उलट ‘आज पट्टी गळ्याला अगदी बसली’ असे म्हणत गायिकाबाई समाधानाने घरी गेल्या. माझ्याकडे आलेला तो आवाज संगीतावर कुठेच बसेना, आणि वेग वाढवून बसवला असता तर आवाज बारीक झाला असता. दुसऱ्यांदा झालेल्या ध्वनिमुद्रणाचे भाडे आणि मानधन अर्थातच माझ्या खिशातून गेले.

हा धंदा कानावर चालतो असे बाहेरून वाटते आणि ते खोटे नाही. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याकडे लोक पुन्हा येतात ते दोन भरवशांमुळे. त्याच्या खोलीत जे ऐकू येते ते बाहेर, म्हणजे मोबाइलवर, रिक्षात, मंडळाच्या मंडपात, साधारण तसेच ऐकू येईल हा एक भरवसा, आणि जे ठरले आहे ते ठरल्या दिवशी ठरल्या रूपात हाती पडेल हा दुसरा. पुढील सर्व पायऱ्या या दोहोंसाठीच आहेत. मिक्सिंग म्हणजे गाण्यातील वेगवेगळ्या ट्रॅकचा, म्हणजे स्वतंत्र नोंदलेल्या आवाज-वाद्यांचा, समतोल साधून त्यांचे एक गाणे करणे आणि मास्टरिंग म्हणजे त्या तयार दोन चॅनलच्या गाण्यावर शेवटचा हात फिरवून ते प्रसारणायोग्य करणे, एवढी व्याख्या येथे पुरे.

आधी खोली, मग स्पीकर

नवीन माणूस पहिले पैसे स्पीकरवर घालतो आणि ते स्पीकर भिंतीला टेकवून ठेवतो. माझ्या मते हातातील रकमेचा मोठा वाटा खोलीवर जायला हवा, कारण लहान खोली खालच्या सुरांबाबत सर्रास खोटे बोलते. हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्या लांबीत कोणती कंप्रता घुमणार ते कळते. आपल्याकडच्या फ्लॅटमधील बारा बाय दहा फुटांच्या खोलीत लांबीमुळे सुमारे ४७ हर्ट्झ आणि रुंदीमुळे सुमारे ५६ हर्ट्झ घुमतो, आणि छतही दहा फुटांवर असेल तर ५६ हर्ट्झचा घुमारा दुप्पट त्रासदायक होतो. बास गिटारची पांढरी सहा ५५ हर्ट्झवर वाजते. अशा खोलीत तो एकच स्वर फुगलेला ऐकू येतो, आपण तो कमी करतो, आणि बाहेर गेल्यावर गाण्याचा पाया मधूनच खचल्यासारखा होतो.

यावर करायचे ते असे. स्पीकर खोलीच्या आखूड भिंतीकडे ठेवून लांबीच्या दिशेने वाजवावेत, बसण्याची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत सुमारे साडेचार फुटांवर, आणून पाहावी आणि तेथून थोडे पुढे-मागे सरकून सर्वांत सपाट ऐकू येणारी जागा धरावी. दोन्ही स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. त्यानंतर कोणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे. बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसतो तेथे शोषक पॅनल लावावा. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) जाड पॅनल उभे करावेत. घनमीटरला ४८ किलो घनतेची, किमान चार इंच जाडीची रॉकवूल कापडात गुंडाळून सुताराकडून लाकडी चौकटीत बसवून घेता येते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग मात्र करू नये. ते खालच्या सुरांना हातही लावत नाहीत, आणि उंच सूर तेवढे अर्धवट शोषून खोली अधिकच मंद करतात.

रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक एवढ्यावर खोलीचे चित्र मिळते. त्याच वेळी ३० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर वाजवून खोलीभर फिरावे. माझ्या खोलीत ११० हर्ट्झच्या आसपास लोखंडी कपाटाचे दार थरथरत असे, आणि ढोलकीच्या ट्रॅकमध्ये काहीतरी फुटते आहे अशा समजुतीने मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या होत्या. खिडकीचे ग्रिल, ट्यूबलाइटची पट्टी, देव्हाऱ्यातली घंटा, असे कितीतरी छुपे वादक खोलीत बसलेले असतात.

ऐकण्याची पातळी ठरलेली असावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज बारीक असताना कानाला अगदी खालचे व अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून मोठ्या आवाजात सगळेच गाणे भरदार वाटते आणि रात्री हळू आवाजात केलेल्या मिक्समध्ये बास जास्त पडतो. लहान खोलीत सुमारे ७५ डेसिबलवर काम करावे, त्या ठिकाणी इंटरफेसच्या (संगणक आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या यंत्राच्या) बटणावर खूण करावी आणि दिवसातील बहुतेक निर्णय त्याच खुणेवर घ्यावेत. भाड्याच्या घरात किंवा गणेशोत्सवात, जेव्हा गल्लीतील मंडळाचा स्पीकर आपल्या खोलीतही पोहोचतो, तेव्हा हेडफोन वापरण्यावाचून पर्याय नसतो, आणि मराठी गाण्यांचे निम्मे काम नेमके त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत अंगावर येते. अशा वेळी एकच हेडफोन वर्षानुवर्षे वापरून त्याच्या खोडी ओळखीच्या करून घेणे हे दर वर्षी नवा घेण्यापेक्षा फलदायी ठरते. पावसाळ्यात वीज कधीही जाते, त्यामुळे संगणक आणि हार्ड डिस्क यूपीएसवर असाव्यात.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात सांगतो. प्रो टूल्स, लॉजिक, क्यूबेस, रीपर यांपैकी कशावरही उत्तम मिक्स होतो. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि त्याचा लहान व्यावसायिकांसाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. चित्रपटाच्या स्टुडिओंशी देवाणघेवाण असेल तर प्रो टूल्स उघडता येणे सोयीचे पडते.

बोलणी: काम घेण्यापूर्वी काय लिहून घ्यावे

फोनवर सगळे गोड असते. ‘दादा, छोटंसं गाणं आहे, जरा बसवून द्या’ या वाक्यात ट्रॅक किती, आवाज सुरात आहे की दुरुस्त करावा लागणार, मास्टर किती प्रकारचे हवेत आणि तारीख कोणती यांतील एकही गोष्ट नसते. फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटांत एक लेखी निरोप पाठवावा. त्यात गाण्याचे नाव, ट्रॅकची कमाल संख्या, सूर व ताल दुरुस्तीचे काम धरले आहे की नाही, पहिला मिक्स कोणत्या दिवशी मिळेल, दुरुस्तीच्या किती फेऱ्या समाविष्ट आहेत, कोणत्या फाइल दिल्या जातील, मानधन किती व कधी, आणि श्रेयनामावलीत नाव कसे लिहायचे हे सगळे असावे. समोरच्याने ‘मान्य’ असे उत्तर दिले की काम सुरू. करारनाम्याच्या छापील मसुद्याची सवय नसलेले संगीतकारही असा साधा निरोप वाचतात व पाळतात, हा माझा अनुभव आहे.

दुरुस्तीच्या फेऱ्यांची व्याख्या स्पष्ट लिहावी. मी तीन फेऱ्या देतो, आणि एक फेरी म्हणजे एका माणसाने पाठवलेली, मिनिट-सेकंदासह लिहिलेली एक एकत्रित यादी. तो एक माणूस कोण हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. एका अल्बममध्ये संगीतकार, गायक आणि पैसे घालणारे गृहस्थ तिघेही मला स्वतंत्रपणे सूचना पाठवत होते. गायकाला आवाज पुढे हवा होता, संगीतकाराला व्हायोलिन, आणि निर्मात्यांच्या मते गाण्यात ‘जान’ नव्हती. अकरा वेळा मिक्स बदलून शेवटी दुसऱ्या वेळचा पसंत पडला. मानधन ठरले होते तेवढेच मिळाले.

श्रेयाचा मुद्दा भिडेखातर सोडू नये. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता त्याचा निर्माता मानला जातो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा जो हक्क पक्का झाला तो गीतकार, संगीतकार आणि गाणारे-वाजवणारे कलाकार यांचा. मिक्सिंग करणाऱ्याला कायद्याने आपोआप काहीही मिळत नाही. जे मिळणार ते ठरलेले मानधन आणि ठरवून घेतलेले नाव.

फाइल मागवणे

पुढील मजकूर मी प्रत्येक नव्या संगीतकाराला जसाच्या तसा पाठवतो: सर्व ट्रॅक २४ बिट वेव्ह (न दाबलेल्या) स्वरूपात, ज्या सॅम्पल रेटवर सेशन आहे त्याच रेटवर, सर्वांची सुरुवात एकाच शून्य बिंदूपासून, मास्टर चॅनलवरील लिमिटर (शिखरे दाबणारे साधन) बंद, एकसुरी वाद्ये मोनोमध्ये (एकाच चॅनलमध्ये), गायकाच्या आवाजावर रिव्हर्ब (घुमारा) नको, आणि एखादा इफेक्ट गाण्याचाच भाग असेल तर त्याची कोरडी (इफेक्टशिवाय) व ओली (इफेक्टसह) अशी दोन्ही रूपे, टेम्पो, पट्टी, ताल व सॅम्पल रेट लिहिलेली एक मजकूर फाइल, आणि आपण ऐकत आलेला कच्चा मिक्स.

कच्चा मिक्स मागवायला पुष्कळ जण संकोचतात, कारण त्यात आपला कमीपणा दिसेल असे त्यांना वाटते. पण संगीतकाराने तो महिनाभर ऐकलेला असतो आणि त्याच्या मनातील गाणे तेच असते. त्यात बासरी मोठी असेल तर ती चूक आहे की हेतू, हे विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

आवाजाची पातळी फार वर ठेवण्याचे कारण नसते. २४ बिटमध्ये सिद्धांतानुसार १४४ डेसिबलची जागा मिळते, म्हणून शिखरे उणे ६ डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल पातळी) खाली राहिली तरी काहीही गमावत नाही, उलट ट्रॅक फुटण्याची भीती जाते. आकारमानाचा अंदाज संगीतकाराला आधी द्यावा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेतो, म्हणजे चार मिनिटांचे चाळीस ट्रॅकचे गाणे सुमारे १.४ जीबी भरते. हे माहीत नसले की मंडळी कंटाळून एमपी३ पाठवतात. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलेला आवाज दाबला जातो. तातडीच्या वेळी तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ रूपात पोहोचते. गूगल ड्राइव्हचा दुवा सर्वांत बरा.

फाइल उतरवल्या की मिक्स सुरू करण्याआधी एक अख्खा अर्धा तास तपासणीला द्यावा. प्रत्येक ट्रॅक एकटा वाजवून कुठे कट् आवाज येतो, कुठे श्वास तुटला आहे, कुठे हेडफोनमधून गळालेला मेट्रोनोम ऐकू येतो, हे लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी कळवावे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हाच घ्या’ अशा तीन आवाजांच्या फाइल आल्या असतील तर अंदाजाने निवड करू नये.

मिक्स

पहिला तास फक्त फेडर (पातळी) आणि पॅन (डावी-उजवी जागा) यांना द्यावा आणि तोही मोनोमध्ये सुरू करावा. गाण्याचा कणा कोण हे ठरवावे: भावगीतात आवाज आणि शब्द, लावणीत ढोलकी आणि आवाज यांची जुगलबंदी, अभंगात टाळ-पखवाजाच्या चालीवर तरंगणारा गायक. कणा आधी उभा करून बाकीचे त्याभोवती आणावे. प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट) न लावता गाणे कानाला सत्तर टक्के पटत नसेल तर पुढे ईक्यू (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारे साधन) लावून ते क्वचितच सुधारते.

तालवाद्यांत फेजची, म्हणजे दोन माइकांच्या लहरी जुळतात की एकमेकींना खोडतात याची, तपासणी न चुकता करावी. पखवाज किंवा ढोलकी दोन माइकवर, दोन्ही तोंडांवर घेतलेली असते. एका पुडीवर थाप पडली की ती पुडी आपल्या माइकपासून दूर आत जाते आणि त्याच क्षणी आतील हवा दुसरी पुडी तिच्या माइककडे ढकलते, त्यामुळे दोन माइकांवर उलट सुलट लहरी नोंदल्या जातात. दोन्ही ट्रॅक एकत्र, मोनोमध्ये वाजवून एकाची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटून पाहावी. ज्या स्थितीत ‘धूम’ भरून येते ती ठेवावी. हे एका कळीचे काम आहे, आणि ते न करता खालचे सूर ईक्यूने वाढवत बसलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

आपल्या संगीतात ईक्यूची एक खास अडचण आहे आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या शिकवण्यांत तिचा उल्लेख येत नाही. गाणे काळी एकमध्ये असेल तर तबल्याचा दायाँही काळी एकला लावलेला असतो आणि तो सुमारे २७७ हर्ट्झवर बोलतो. तानपुरा त्याच षड्जावर, गायकही वारंवार त्याच षड्जावर येऊन थांबतो. ‘तीनशेच्या आसपास चिखल असतो, तेथे कापा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अशा गाण्यात आंधळेपणाने पाळला तर चिखलाबरोबर षड्जच कापला जातो, आणि गाणे कोरडे का झाले ते कळत नाही. म्हणून आधी पट्टी पाहावी, षड्जाची कंप्रता काढावी आणि तिला सर्वत्र न कापता कोणत्या तरी एका वाद्याला ती जागा द्यावी. मी बहुधा दायाँला देतो, तानपुरा थोडा मागे व दोन्ही बाजूंना पसरून ठेवतो, आणि हार्मोनियमचा तो भाग दोन-तीन डेसिबलने उतरवतो, कारण पेटी आवाजाला चिकटून वाजते आणि शब्द गिळते.

मराठी उच्चारांबाबतही कान वेगळा ठेवावा लागतो. चांदणे, चूक, जोर, माझा या शब्दांतील च, ज, झ दंततालव्य आहेत. त्यांत स किंवा झुळझुळत्या घर्षणाचा अंश असतो, जो चिमणी किंवा जीव यांतील तालव्य उच्चारात नसतो. कंडेन्सर माइकवर हे च आणि स दोन्ही साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतात, आणि डी-एसर (टोचणारे स-च दाबणारे साधन) एकाच कठोर मर्यादेवर ठेवला तर ‘चांदणे’चे ‘तांदणे’ होऊ लागते. अशा वेळी मी डी-एसर हलका ठेवून जे दहा-बारा शब्द खरोखर टोचतात त्यांची पातळी हाताने, ऑटोमेशनने (पातळीचे बदल सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून) उतरवतो. वीस मिनिटे लागतात. श्रोत्याला शब्द स्वच्छ कळतात आणि कोणालाही काही केल्याचे जाणवत नाही.

कॉम्प्रेसरने आवाज सपाट करण्यापेक्षा प्रत्येक ओळीचा फेडर हाताने चालवणे भावगीताला जास्त मानवते. हरकत आणि मींड यांचा शेवट बहुधा अगदी नाजूक असतो आणि तो ऐकू आला नाही तर गायकाची मेहनत वाया जाते; तेथे एक-दीड डेसिबल वर न्यावे. रिव्हर्बबाबत एकच सांगतो: प्री-डीले (घुमारा सुरू होण्यापूर्वीचा वेळ) ४० ते ८० मिलिसेकंद ठेवला तर शब्दाचा आरंभ कोरडा राहतो आणि मागून जागा उघडते, त्यामुळे गायक जवळही वाटतो आणि सभागृहातही.

मिक्स संपत आला की तोच गाणेप्रकार असलेली, आपल्याला पूर्ण परिचित अशी दोन गाणी समान पातळीवर आणून शेजारी ऐकावीत. नंतर मोबाइलच्या स्पीकरवर, इअरफोनवर आणि दार ओढून घेऊन शेजारच्या खोलीतून ऐकावे. बंद दाराआडून आवाज आणि ताल यांचे प्रमाण चटकन उघडे पडते.

सूचनांचे भाषांतर

संगीतकार हर्ट्झमध्ये बोलत नाहीत आणि त्यांनी बोलूही नये. ‘आवाज नाकातून येतोय’ असे म्हटले की मी ८०० हर्ट्झ ते १.२ किलोहर्ट्झ तपासतो. ‘हंड्यात बसून गातोय’ म्हणजे बहुधा २५० ते ४०० हर्ट्झचा साठा. ‘टोचतंय’ म्हणजे २.५ ते ४ किलोहर्ट्झ. ‘आवाज झाकलेला वाटतोय’ म्हणजे १० किलोहर्ट्झच्या वरची हवा कमी आहे किंवा पेटी नाहीतर गिटार त्याच्या अंगावर बसली आहे. ‘ढोलकीला मार नाही’ या तक्रारीवर ढोलकी मोठी करण्याआधी कॉम्प्रेसरचा ॲटॅक (तो किती लवकर दाबू लागतो) पाहावा. तो फार वेगवान असेल तर थापेचे टोकच खुडले जाते. ‘जान नाही’ याचे भाषांतर मात्र मला अजून जमलेले नाही; तेथे मी फोन करतो आणि गाण्यातली नेमकी कोणती जागा आली की असे वाटते ते विचारतो. दहांत नऊदा तरी उत्तर एका ठरावीक अंतऱ्याकडे बोट दाखवते.

मास्टरिंग

शक्य असल्यास स्वतः मिक्स केलेले गाणे दुसऱ्याकडून मास्टर करून घ्यावे. ते परवडत नसेल तर मध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा आणि मास्टरसाठी नवे सेशन उघडावे, म्हणजे मिक्सच्या फेडरकडे हात जात नाही. मास्टरमध्ये एखाद्या पट्ट्यात दोन डेसिबलपेक्षा जास्त बदल करावासा वाटला तर तो मिक्समध्ये परत जाण्याचा इशारा समजावा.

आवाजाच्या पातळीविषयी संगीतकारांशी सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून आकडे नीट माहीत असावेत. ऐकू येणारी सरासरी पातळी लफ्स या एककात मोजतात. स्पॉटिफाय सर्वसाधारण सेटिंगवर गाणी उणे १४ लफ्सला आणते, ॲपल म्युझिकचे साउंड चेक उणे १६ च्या आसपास, आणि यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठी गाणी खाली आणते पण लहान असलेली वर नेत नाही. याचा अर्थ उणे ८ लफ्सला ठेचून भरलेले गाणे स्पॉटिफायवर सहा डेसिबलने खाली येते आणि ठेचण्यामुळे गेलेली थाप परत येत नाही. तरीही प्रत्येक गाणे उणे १४ लाच ठेवावे असे माझे म्हणणे नाही. वरातीत किंवा मिरवणुकीत वाजणाऱ्या गाण्याला असे कोणतेही सामान्यीकरण नसते. तेथे आधीच्या गाण्यानंतर आपले गाणे बारीक वाजले तर डीजे ते पुन्हा लावणार नाही. नाचाच्या गाण्याला मी उणे ९ पर्यंत जातो, भावगीताला उणे १३-१४ वर थांबतो, आणि संगीतकाराला दोन्ही पातळ्यांची रूपे समान आवाजात आणून ऐकवतो. समान आवाजात ऐकल्यावर बहुतेक जण मोकळे रूप निवडतात.

ट्रू पीक (ध्वनिलहरीचे खरे सर्वोच्च शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण एमपी३ किंवा एएसीमध्ये रूपांतर होताना शिखरे वाढतात आणि शून्याला टेकलेले गाणे फुटते. गाणे उणे १४ पेक्षा मोठे असेल तर स्पॉटिफाय उणे २ सुचवते. यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती या सर्व मोजणीला पुरते. २४ बिटवरून १६ बिटला उतरताना डिदर (रूपांतराची खरखर झाकणारा अगदी बारीक गोंगाट) लावावा, तोही एकदाच आणि अगदी शेवटी.

अंतिम फाइल देताना मी मुख्य मास्टर, आवाज एक डेसिबलने वर असलेले रूप, केवळ संगीत आणि केवळ आवाज अशी चार रूपे एकदमच काढतो. केवळ संगीताचे रूप, म्हणजे आपल्याकडचा मायनस वन, गायकाला रंगमंचावर हमखास लागतो आणि मागणी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री येते. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झची प्रत वेगळी द्यावी. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकांचा संकेत, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते. पुष्कळदा वितरक तो स्वतःच लावतात, पण मायनस वन स्वतंत्रपणे प्रकाशित होणार असेल तर त्याला वेगळा संकेत लागतो हे संगीतकाराला सांगावे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते तेथे पोहोचलेले असावे लागते, त्यामुळे गणेश चतुर्थीचे गाणे चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मास्टरला आणणाऱ्याला हे आधीच ऐकवलेले बरे.

पैसे

दर ठरवताना शेजारच्या स्टुडिओचा दर पाहण्याआधी आपला खर्च मोजावा. समजा घर आणि धंदा मिळून महिन्याला ६०,००० रुपये लागतात. एका गाण्याला तपासणी, मिक्स, दुरुस्त्या, मास्टर, फोन आणि फाइल चढवणे धरून १६ तास जातात, आणि महिन्यात प्रत्यक्ष कानाने करायचे काम १२० तासांहून जास्त होत नाही, कारण सहा तासांनंतर कान निकाल देऊ शकत नाहीत. म्हणजे साधारण सात गाणी, आणि एका गाण्याला सुमारे ८,६०० रुपयांच्या खाली गेल्यास तोटा; बचत, उपकरणांची झीज आणि रिकामे महिने यात अजून धरलेले नाहीत. ओळखीच्या माणसाला सूट द्यायची असेल तर ती बिलावर ‘सूट’ म्हणून लिहावी, म्हणजे पुढच्या वेळी तोच दर मूळ दर ठरत नाही.

निम्मी रक्कम फाइल उघडण्यापूर्वी आणि उरलेली अंतिम वेव्ह फाइल देण्यापूर्वी घ्यावी. दुरुस्तीच्या फेऱ्यांत एमपी३ पाठवावे. निर्मिती संस्था टीडीएस कापून पैसे देतात, तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही हे दर तिमाहीला पाहावे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. परदेशातील मराठी मंडळी किंवा तेथील संगीतकार परकीय चलनात पैसे देतात तेव्हा नियमांत बसणारे ते काम सेवेची निर्यात ठरते, आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला हमीपत्र भरून त्यावर कर न आकारता बिल करता येते. बँकेकडून मिळणारा परकीय रकमेचा दाखला मात्र जपून ठेवावा. वर्षातून एकदा सीएकडे बसण्याचा खर्च वाचवू नये.

काम संपल्यावर

पैसे जमा झाले की प्रकरण बंद होत नाही. प्लगइन बदलतात, संगणक बदलतो, आणि दोन वर्षांनी तोच गायक तेच गाणे वेगळ्या पट्टीत मागतो. म्हणून प्रत्येक सेशनबरोबर सर्व ट्रॅक इफेक्टसह नव्या फाइलमध्ये उतरवून वेगळे ठेवावेत, म्हणजे कोणतेही प्लगइन नसले तरी गाणे पुन्हा उभे राहते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर असा हिशेब ठेवावा. किती काळ जपणार हे पहिल्याच निरोपात लिहावे. मी एक वर्ष म्हणतो आणि प्रत्यक्षात बरेच जास्त जपतो, पण वर्षानंतर फोल्डर शोधून काढण्याचे वेगळे शुल्क घेतो. प्रत्येक फोल्डरमध्ये सर्वांत वर एक साधी मजकूर फाइल असते: पहिल्या ओळीत सॅम्पल रेट, दुसऱ्या ओळीत पट्टी, तिसऱ्या ओळीत टेम्पो आणि ताल, आणि खाली कोणती फाइल कोणाला कोणत्या तारखेला पाठवली त्याची नोंद.